सॉलिसिटर न मिळालेला बॅरिस्टर

आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाढदिवसाच्या केकनंतर सर्वांत जास्त वेळा काय येत असेल, तर एक प्रश्न. अलिबागला ओळखीचा चांगला वकील कोण आहे? २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि हा प्रश्न महिन्यातून दोनदा येऊ लागला. मांडवा, सारळ, धोकवडे, सासवणे, किहीम, झिराड, जिथे म्हणून आपली घरं नि वाड्या आहेत तिथे कुणाच्या तरी सातबाऱ्यावर कुणाचं तरी नाव चढलेलं किंवा उतरलेलं असतं. गेल्या वर्षी हा प्रश्न विचारणारी मी होते.

स्मरणिकेसाठी शाळेत भेटलेल्या एका थोर व्यक्तीवर लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं. शाळेत भेटलेल्या म्हणजे फोटोतून, धड्यातून, भाषणातून. मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडले. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरची भाषणं आपण सगळ्यांनीच ठोकली आहेत. महूला जन्म, एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन, मग एकदम महाडचं तळं, पुणे करार आणि राज्यघटना. मधल्या काळात हा माणूस रोज सकाळी उठून काय करत होता, घर कशावर चालवत होता, हे आपल्या भाषणांत कधी आलं नाही. ते वकिली करत होते. अशिलं शोधत होते, तारखांना जात होते, खेटे घालत होते. मला त्याच वर्षांबद्दल लिहायचं आहे, कारण गेल्या वर्षी माझ्या कामी आली ती तीच वर्षं.

आधी थोडी उजळणी, बाईंच्या समाधानासाठी. जन्म १४ एप्रिल १८९१, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातील आंबडवे, वडील रामजी लष्करात सुभेदार. म्हणजे तसे ते आपल्या कोकणातलेच. १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये बी. ए., १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तिथे एकीकडे अर्थशास्त्राचा अभ्यास आणि दुसरीकडे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये दोन्ही अर्धवट टाकून परत यावं लागलं. ठरल्याप्रमाणे बडोद्यात नोकरीला गेले, तर शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले होते, तिथूनही जात कळल्यावर बाहेर काढलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी. एस्सी.

इथपर्यंत आपलं भाषण येतं आणि टाळ्या पडतात. खरी अडचण इथून पुढे सुरू झाली.

१९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईत परतले. वय बत्तीस, जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या, वर बॅरिस्टरी. पण वकिली सुरू करायला सनद काढावी लागते आणि सनदेला पैसे लागतात. तेवढे पैसे जवळ नव्हते. ते पुन्हा नवल भथेनांनी दिले. त्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची वकिली सुरू झाली.

आता इथे उच्च न्यायालयाची एक जुनी पद्धत सांगायला हवी. मलाही ती गेल्या वर्षीच कळली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे जिथे थेट दाखल होत त्या बाजूला, दुहेरी पद्धत होती. पक्षकार बॅरिस्टरकडे सरळ जाऊ शकत नसे. त्याने आधी सॉलिसिटर गाठायचा. सॉलिसिटर कागदपत्रं जमवणार, टाचण तयार करणार, आणि मग कोर्टात उभं राहायला बॅरिस्टर निवडणार. बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरच्या हातून. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही कितीही चांगला प्रोग्रॅम लिहा, मधला दरवाजा उघडला नाही तर तो कुणापर्यंत पोचतच नाही.

तो दरवाजा बाबासाहेबांसाठी उघडला नाही. शहरातल्या सॉलिसिटर पेढ्यांनी अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायचं टाळलं. कुणी तोंडावर नकार देत नसेल, पण काम येत नव्हतं. व्यवसायात असा नकार सगळ्यांत वाईट, कारण त्याची तक्रार कुठे करता येत नाही.

मग त्यांनी काय केलं? जिथे सॉलिसिटर लागत नव्हता तिथे ते गेले. उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत आणि मुंबईबाहेरच्या जिल्हा न्यायालयांत पक्षकार वकिलाला स्वतः भेटू शकत असे. बाबासाहेब खालच्या कोर्टांतली कामं, मुंबईबाहेरची कामं घेऊ लागले. परळला दामोदर हॉलमध्ये त्यांचं कार्यालय होतं. तिथे गिरणी कामगार येत, चाळीतली माणसं येत, गावाकडून कागदांचं बोचकं घेऊन आलेली माणसं येत. फी देण्याची ऐपत असलेले त्यांत थोडे. संसार फक्त त्यावर चालेना म्हणून १९२५ पासून दोन-तीन वर्षं त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे सरकारी विधी महाविद्यालयात अर्धवेळ प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. सॉलिसिटर ज्याला काम देत नव्हते, त्याच्याच हाताखाली मुंबईचे भावी वकील शिकू लागले.

नाव झालं ते १९२६ मध्ये, पुण्याच्या एका खटल्यात. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी, अशा ब्राह्मणेतर चळवळीतल्या मंडळींवर बदनामीचा खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि सगळे सुटले. समोर ल. ब. भोपटकरांसारखे पुण्याचे नामांकित वकील होते. त्यानंतर लोकांना कळलं की हा बॅरिस्टर अपिलाच्या कामात पक्का आहे.

सगळे खटले त्यांनी जिंकले असं नाही, आणि तेही सांगायला हवं. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. लैंगिक प्रश्नांवर वाचकांना उघड उत्तरं दिली, हा गुन्हा. कर्व्यांची बाजू घेणं त्या काळी फारसं कुणाला परवडण्यासारखं नव्हतं. बाबासाहेबांनी घेतली आणि ते हरले. कर्व्यांना दंड झाला. पण आज तो खटला वाचला तर काळाच्या बाजूने कोण उभं होतं हे सांगायला लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. रायगड हे नाव १९८१ चं, तेव्हा आपण कुलाबा. महाड याच जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले हे आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर दहा वर्षं जो दिवाणी दावा चालला, तो आपल्या भाषणांत कधी नव्हता.

मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. १९२७ च्या सत्याग्रहानंतर मात्र नगरपालिकेने तो मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. त्याच्या दोन आठवडे आधी, १२ डिसेंबरला, गावातल्या काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यात पहिले प्रतिवादी स्वतः भीमराव रामजी आंबेडकर.

परिषदेसाठी मुंबईहून मंडळी निघाली तेव्हा धरमतरवरून जाणारी वाट सोयीची होती, पण तिकडे मोटारवाल्यांचा बहिष्कार. म्हणून ते पद्मावती बोटीने दासगाव बंदराला उतरले आणि तिथून चालत महाडला गेले. आपण मांडव्याची मुलं. बोट चुकली की काय होतं हे आपल्याला माहीत आहे. पण मोटारवाला बसू देत नाही म्हणून लांबच्या बंदराला उतरायचं, हे आपल्यापैकी किती जणांनी सोसलं असेल?

२५ डिसेंबरला परिषद भरली, त्याच रात्री मनुस्मृती जाळली. हजारो लोक सत्याग्रहाला, म्हणजे तुरुंगात जायला, तयार होते. नावं नोंदवून बसले होते. आणि हातात कोर्टाचा मनाई हुकूम. पुढारी म्हणून हुकूम मोडणं सोपं होतं, लोकांनी खांद्यावर घेतलं असतं. वकील म्हणून त्यांना दिसत होतं की दावा खाजगी माणसांनी लावलेला आहे, सरकारने नव्हे. तो कोर्टात हरवता येईल, आणि हुकूम मोडला तर हरवता येणार नाही. त्यांनी चिडलेल्या लोकांना समजावलं आणि सत्याग्रह पुढे ढकलला. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कुणी हात लावला नाही. त्या दिवशी त्या काठावरून कोरड्या ओंजळीने परत फिरलेल्या माणसांना काय वाटलं असेल, याचा मी अलीकडे फार विचार करते.

मग तारखा सुरू झाल्या. तात्पुरता मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. वादींचं आधी म्हणणं असं की तळं चौधरी मंडळींच्या मालकीचं. कागद बाहेर निघाले तेव्हा तळं नगरपालिकेचं असल्याचं ठरलं. मग उरली रूढी. अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचं नाही ही अनादिकाळाची चाल आहे, असं म्हणणं. ते सिद्ध करण्याची जबाबदारी वादींवर होती. आमच्या आठवणीत कुणी पाणी भरलं नाही, असं साक्षीदार सांगू शकत होते, पण आठवण म्हणजे अनादिकाळ नव्हे. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ ला दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयाने जानेवारी १९३३ मध्ये अपील फेटाळलं. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी दुसरं अपील फेटाळलं. पाण्याचा पहिला घोट आणि शेवटचा निकाल यांच्यात दहा वर्षांना तीन दिवस कमी होते.

या दहा वर्षांत ते एकटे नव्हते. महाडला सुरबानाना टिपणीस नगरपालिकेचे अध्यक्ष होते, अनंतराव चित्रे आणि गंगाधरपंत सहस्रबुद्धे बरोबर होते. ही मंडळी जातीने अस्पृश्य नव्हती. स्थानिक माणूस बरोबर असला की कागद सापडतात, साक्षीदार सापडतात आणि उतरायला ओटी सापडते. मोठा बॅरिस्टर मुंबईचा असला तरी खटला गावातच उभा राहतो.

आणि चरी. पोयनाडजवळचं, आपल्या खारेपाटातलं चरी. एसटीने पेणकडे जाताना ते डावीकडे की उजवीकडे यावर आपण कधी वाद घातला नाही, कारण लक्षच दिलं नाही. खोत आणि सावकारांच्या जमिनी कुळं कसत होती. कबुलायतीचा कागद खोताच्या कारकुनाने लिहायचा, कुळाने अंगठा उठवायचा. त्यात काय लिहिलंय हे वाचून सांगणारा कुळाच्या बाजूचा कुणी नाही. १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी संप पुकारला. शेतं कसायचीच नाहीत. हा संप १९३९ पर्यंत चालला. कुळांनी लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून सहा वर्षं काढली. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब चरीच्या शेतकरी परिषदेला आले. यांतली बहुतेक कुळं आगरी आणि इतर शेतकरी जातींची होती, दलित नव्हेत. म्हणजे ज्याला शहरातल्या पेढ्यांनी जातीवरून दूर ठेवलं, तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या भातखाचरांसाठी इथवर आला होता.

तिथे त्यांना जे दिसलं असावं ते असं, की हा रोग एकेका खटल्याने बरा होणार नाही. कुळ कोर्टात गेलं तर कबुलायत त्याच्याच अंगठ्याची. कायद्याचा पायाच खोताच्या बाजूचा. म्हणून १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, निवडून आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईला मोर्चाने गेले. ते विधेयक मंजूर झालं नाही. पण १९३९ मध्ये कुळकायदा आला आणि संरक्षित कूळ हा शब्द कायद्यात आला. १९४८ मध्ये नवा कुळकायदा, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, त्यांना अध्यक्ष केलं. ते देशाचे पहिले कायदेमंत्री झाले. घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा उल्लेख आहे. शाळेत तो वाचताना मला कंटाळा आला होता. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहिरी आणि तळी कशाला? आता कळतं. महाडला दहा वर्षं रूढी अनादि आहे की नाही यावर वाद घालावा लागला होता. कोर्टाने निकाल दिला तोही चाल सिद्ध झाली नाही एवढ्यावर, माणसं सारखी आहेत म्हणून नव्हे. पुन्हा कुणाला तो वाद घालावा लागू नये म्हणून तळं घटनेत आलं. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. १ एप्रिल १९५७ पाहायला ते नव्हते.

आता माझं. आमची मांडव्याची वाडी पणजोबांनी कूळ म्हणून कसलेली. बाबा गेल्यावर दीड वर्षाने एक नोटीस आली, की मूळ मालकाच्या वारसांनी जमीन विकली असून आमचा हक्क नाही. मी घाबरून मुंबईतली एक मोठी पेढी गाठली. काचेचं ऑफिस, इंग्रजीतलं पत्र, भरभक्कम बिल, पण तलाठ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग मी ग्रुपवर तो प्रश्न टाकला, आणि उत्तर आलं ते आपल्याच ब तुकडीतल्या मागच्या बाकावरच्या मुलाचं. अलिबागला त्याची वकिली आहे हेच मला ठाऊक नव्हतं. त्याने पहिल्या भेटीत माझं म्हणणं ऐकून घेतलं नाही. जुने फेरफार काढून आण म्हणाला. १९५० पासूनचे सगळे. जुन्या सातबाऱ्यावर संरक्षित कूळ हे शब्द निघाले. आजीच्या ट्रंकेत, तिच्या लुगड्यांखाली, ३२ म चं प्रमाणपत्र निघालं. खरेदीची रक्कम हप्त्याहप्त्याने भरून मिळवलेलं. ते कुणी कधी फेरफाराला लावलंच नव्हतं. आजीला वाचता येत नव्हतं, पण कागद जपायचा हे कळत होतं.

त्या प्रमाणपत्राच्या मागे चरीचा सहा वर्षांचा संप आहे आणि सॉलिसिटर न मिळालेला एक बॅरिस्टर आहे, हे मला त्या दिवशी ट्रंकेपाशी बसून कळलं.

आमची पुढची तारीख या लेखानंतर आहे, त्यामुळे शेवट सांगू शकत नाही. पण ग्रुपवर पुन्हा तो प्रश्न येईल म्हणून एवढं लिहून ठेवते. वकील जवळचा बघा, जो तलाठ्याकडे स्वतः जाईल. न वाचता सही करू नका, विशेषतः कुलमुखत्यारपत्रावर. जुने फेरफार आधी काढा. फी नसेल तर अलिबागच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंका उघडून बघा.

आपल्या शाळेतल्या त्या फोटोखाली आपण दरवर्षी हार घालायचो. या मेळाव्याला येताना मी फुलांबरोबर त्या ३२ म ची एक झेरॉक्स आणणार आहे. बाईंना दाखवायची आहे.